ब्रॉक, फ्रीझ आणि ७० अंशांवरची टेस्ट ट्यूब

पीसीआर लावताना तुम्ही बर्फात ठेवलेल्या छोट्या नळीतून अर्धा मायक्रोलिटर टॅक उचलता. टॅक म्हणजे काय, हे व्हायवाला हमखास विचारतात. उत्तर पाठ असतं : थर्मस अ‍ॅक्वाटिकस या उष्णताप्रेमी जिवाणूचं डीएनए पॉलिमरेज. टी म्हणजे थर्मस, ए-क्यू म्हणजे अ‍ॅक्वाटिकस. परीक्षक मान हलवतात, पुढचा विद्यार्थी आत येतो.

माझ्या व्हायवाला जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो मी इथे विचारते. या जिवाणूचं नाव शास्त्रीय पद्धतीने पूर्ण कसं लिहितात? प्रजातीच्या नावापुढे ती कुणी आणि कधी वर्णन केली, हे लिहायचा नियम आहे. म्हणजे 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस, ब्रॉक आणि फ्रीझ, १९६९'. यातले टॉमस ब्रॉक प्राध्यापक होते. हडसन फ्रीझ त्यांच्याकडे काम करत होता तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. पीएचडीचा नाही, एमएस्सीचाही नाही. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर एसवाय-टीवायचा पोरगा.

सूक्ष्मजीवशास्त्र पदवीच्या मुलांना उत्तम शिकवणं म्हणजे काय, आणि ते उत्तम आहे हे ओळखायचं कसं, यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. गुणवत्तेच्या याद्या, फीडबॅक फॉर्म, शिक्षकदिनाची भाषणं यातून काही हाती लागत नव्हतं. मग वाटलं, एकच प्रकरण नीट उलगडून बघू. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना ते जास्त उपयोगी पडेल, कारण शिकवण्याचा पुरावा शोधनिबंधात कुठे लपलेला असतो हे त्यातून दिसतं.

तर गोष्ट १९६४ पासून. ब्रॉक तेव्हा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थांबले. तिथले गरम पाण्याचे झरे बघायला जगभरातून लोक जातात आणि वाफेचे फोटो काढतात. ब्रॉक यांची नजर झऱ्यातून वाहत जाणाऱ्या ओहोळांवर गेली. उगमाशी पाणी जवळजवळ उकळतं, आणि जसजसं लांब जावं तसं ते थंड होत जातं. त्या ओहोळांच्या तळाशी रंगीत थर होते : हिरवे, पिवळे, नारिंगी. तापमान बदलतं तसा रंग बदलतो. प्रयोगशाळेत तापमानाचा असा उतार तयार करायला किती खटाटोप करावा लागला असता! इथे निसर्गाने तो फुकटात मांडून ठेवला होता, आणि वर्षानुवर्षं तसाच टिकवला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रॉक यांना कुठलंही एन्झाइम शोधायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न परिसंस्थेचा होता. जीव किती तापमानापर्यंत जगतात, आणि त्या सीमेवर कोण असतं? प्रकाशसंश्लेषण करणारे निळे-हिरवे जिवाणू साधारण ७३ अंशांच्या पुढे जात नाहीत. त्याच्या पुढचं पाणी रिकामं असायला हवं. पण ऑक्टोपस स्प्रिंग नावाच्या झऱ्याच्या ओहोळात ८० अंशांच्या वरच्या पाण्यातही गुलाबी तंतूंचे झुबके डोळ्यांना दिसत होते. ते तंतू जिवंतच होते. ते प्रयोगशाळेत वाढवायचे प्रयत्न मात्र तेव्हा यशस्वी झाले नाहीत. त्या गुलाबी तंतूंचा जिवाणू कल्चरमध्ये यायला पुढे १९९८ साल उजाडलं. आज त्याला थर्मोक्रिनिस रुबर म्हणतात.

म्हणजे ज्याच्या मागे होते ते मिळालं नाही. मिळालं दुसरंच.

उष्णताप्रेमी जिवाणूंचा अभ्यास तेव्हा नवीन नव्हता. दुधाच्या आणि डबाबंद अन्नाच्या उद्योगामुळे त्यांच्यावर पुष्कळ काम झालेलं होतं. पण हे जिवाणू मिळवायचे म्हणजे नमुना ५५ अंशांना किंवा त्याच्या आसपास इन्क्युबेट करायचा, अशी रीत पडून गेली होती. पुस्तकात तेच, प्रयोगशाळेत तेच, विद्यार्थ्यालाही तेच शिकवायचं. त्या तापमानाला जे वाढतात ते मिळत राहिले आणि 'हेच थर्मोफाइल' असं ठरलं. माध्यमही नेहमीचंच, पोषकद्रव्यांनी भरलेलं. एका पिढीने सोयीसाठी निवडलेला आकडा पुढच्या पिढीला निसर्गाचा नियम वाटायला लागतो, त्याचं हे चांगलं उदाहरण आहे. आपल्या जर्नलमध्येही असे आकडे असतील. कुठले ते मला माहीत नाही, तुम्हीच बघा.

१९६६ मध्ये फ्रीझ ब्रॉक यांच्या प्रयोगशाळेत होता. यलोस्टोनच्या मशरूम स्प्रिंगचे नमुने त्याच्यासमोर आले. त्याने काय केलं ते सांगायला अगदी साधं आहे. नमुने ७० अंशांना ठेवले, आणि माध्यम फिकं वापरलं. क्षारांच्या द्रावणात ट्रिप्टोन ०.१ टक्का आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ टक्का. आपल्या न्यूट्रिएंट ब्रॉथच्या मानाने हे पाणीच म्हणायचं. पण झऱ्यातलं पाणी तसंच असतं, तिथे कुणी पेप्टोन ओतून ठेवलेलं नसतं. या जिवाणूला जास्त पोषण सोसत नाही, वाढ उलट अडते. नेहमीच्या ब्रॉथमध्ये आणि नेहमीच्या ५५ अंशांना शोधणाऱ्यांना तो का भेटला नव्हता, ते आता कळलं असेल.

ट्यूब गढूळ झाली.

'टर्बिडिटी दिसली' हे वाक्य आपण जर्नलमध्ये इतक्या वेळा लिहिलेलं असतं की त्याचं काही वाटेनासं होतं. ग्रोथ पॉझिटिव्ह, पुढे चला. पण त्या ट्यूबच्या बाबतीत फरक असा होता, की ती गढूळ होईल की नाही हे प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. विद्यार्थ्याला नाही आणि मास्तरांनाही नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. आपली प्रॅक्टिकल्स बघा. अननोन दिलेला असतो, पण तो आपल्यापुरताच अननोन. लॅब असिस्टंट काकांच्या वहीत नंबरासमोर नाव लिहिलेलं असतं. अशी प्रॅक्टिकल्स निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. हात बसायला ती लागतातच, स्ट्रीकिंग येत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पण उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न आणि कुणालाच माहीत नसलेला प्रश्न, हे दोन वेगळे अनुभव आहेत. दुसरा अनुभव पदवीच्या वयात देणारा शिक्षक विरळा.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि ते तसंच असतं. शुद्ध कल्चर करा, आकार बघा, ग्रॅम स्टेन करा, बीजाणू होतात का तपासा, कुठल्या तापमानाला किती वाढतो मोजा, कुठल्या प्रतिजैविकाने मरतो बघा. सगळं तुमच्या-माझ्या अभ्यासक्रमातलं. निष्कर्ष असा की हा ग्रॅम-निगेटिव्ह, हालचाल न करणारा, बीजाणू न करणारा दंडगोल आहे. तो ४० ते ७९ अंशांमध्ये वाढतो आणि ७० अंशांना सर्वांत चांगला. बीजाणू न करता एवढी उष्णता सोसतो, हे विशेष. वेगवेगळ्या ठिकाणांहून असेच जिवाणू मिळवले गेले. यलोस्टोनचे वेगवेगळे झरे झाले, कॅलिफोर्नियातला एक झराही झाला. आणि गंमत म्हणजे नळाच्या गरम पाण्यातही तो सापडला. हजारो मैल लांबून आणलेला पाहुणा घरच्या नळात बसलेला होता. कुणी ७० अंशांना शोधलं नव्हतं, एवढंच.

हा निबंध १९६९ मध्ये जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजीत आला. लेखक दोन, ब्रॉक आणि फ्रीझ. कल्चर अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शनमध्ये जमा केलं गेलं, म्हणजे ज्याला हवं त्याने मागवावं.

आता इथे थांबून दोन गोष्टी बघा, कारण शिकवण्याची गुणवत्ता कागदावर दिसते ती इथे. पहिली म्हणजे लेखकांची नावं. पदवीच्या विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा शेवट 'आभार' या शीर्षकाखाली एका ओळीत होणं अगदी सहज शक्य होतं. आजही होतं. नमुने कुणी लावले, रात्री येऊन ट्यूब कुणी बघितल्या, हे आभाराच्या परिच्छेदात शोधावं लागतं. इथे विद्यार्थ्याचं नाव लेखक म्हणून आलं. प्रजातीचं वर्णन त्याच निबंधात असल्यामुळे ते नाव जिवाणूच्या नावाला कायमचं जोडलं गेलं. १९८० मध्ये जिवाणूंच्या मान्यताप्राप्त नावांची यादी नव्याने झाली, जुनी कितीतरी नावं गळाली. हे नाव दोघांच्या नावांसह राहिलं.

दुसरी गोष्ट कल्चर जमा करण्याची. हे काम कुणाला फार महत्त्वाचं वाटत नाही. पण पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे, म्हणून ती पटकन सांगते. १९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या चिएन, एडगर आणि ट्रेला यांनी या जिवाणूचं डीएनए पॉलिमरेज वेगळं करून दाखवलं. १९८३ मध्ये सीटस कंपनीतल्या कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. सुरुवातीला त्यात ई. कोलायचं एन्झाइम वापरत. डीएनएचे धागे सुटे करायला ९४-९५ अंशांपर्यंत तापवलं की ते एन्झाइम मरायचं, म्हणून प्रत्येक चक्रात नव्याने घालावं लागायचं. तीस चक्रं म्हणजे तीस वेळा झाकण उघडा. मग सीटसच्या लोकांनी कल्चर कलेक्शनमधला हा जिवाणू घेतला, आणि १९८८ मध्ये सायन्समध्ये टॅक वापरून केलेली पीसीआर छापून आली. एकदाच एन्झाइम घाला, झाकण लावा, यंत्र सुरू करा. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये एक्स्टेन्शनसाठी लिहिलेले ७२ अंश कुठून आले, असं कधी वाटलं असेल तर ७० अंशांना सुखाने वाढणाऱ्या जिवाणूपाशी त्याचं उत्तर आहे. १९९३ मध्ये मुलिस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी, १९९१ मध्ये, सीटसने पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश कंपनीला ३० कोटी डॉलरना विकले होते. ब्रॉक आणि फ्रीझ यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, यलोस्टोनच्याही नाही. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींच्याही तोंडी बसला होता. त्या चाचणीतलं काम बहुतेक ठिकाणी याच एन्झाइमवर किंवा त्याच्या सुधारित भावंडांवर चालत होतं.

इथे एक चूक करायचा मोह होतो, आणि मीही या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात ती केली होती. 'बघा, पदवीच्या विद्यार्थ्याला संधी दिली आणि नोबेलपर्यंत मजल गेली, म्हणून ते उत्तम शिकवणं.' हे खरं नाही. टॅकची बाजारातली किंमत हा ब्रॉक यांच्या शिकवण्याचा पुरावा होऊ शकत नाही. पीसीआर निघालीच नसती, तरी १९६९ चा निबंध तसाच असता आणि फ्रीझला मिळालेला अनुभवही तोच असता. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या कुठल्या मुलीची ट्यूब गढूळ झालीच नसेल. तिच्या शिक्षकाने शिकवण्यात काही कमी केलं, असं म्हणता येणार नाही. इतिहास लिहिताना शेवट माहीत असतो, म्हणून सुरुवात हुशारीची वाटायला लागते. थिसिसचं पहिलं प्रकरण लिहाल तेव्हा हा मोह तुम्हालाही होईल.

मग मोजायचं काय? अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी ही संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र उत्तम शिकवणाऱ्यांना कार्स्की पारितोषिक देते. त्याच्या निकषात दोन गोष्टी जोडून येतात. एक म्हणजे शिकवणं, दुसरी म्हणजे विद्यार्थ्यांनी पुढे काही करावं यासाठी त्यांना दिलेलं बळ. मला हा दुसरा भाग फार शहाणपणाचा वाटतो. शिक्षक वर्गात किती छान बोलतो याचा हिशेब त्याच दिवशी होतो. विद्यार्थ्यांनी पुढे काय केलं याला दहा-वीस वर्षं लागतात, आणि ते सांगू शकतात विद्यार्थीच. आपल्याकडच्या बायोडेटात याला रकानाच नाही. प्रकाशनं, सायटेशन्स, एच-इंडेक्स यांना रकाने आहेत, आणि शिकवण्यासाठी आहे 'अध्यापनाचा अनुभव : इतकी वर्षं'. वर्षं मोजणं सोपं, म्हणून वर्षं मोजतात.

कार्स्की पारितोषिक ब्रॉक यांनाही मिळालं. ते नुसत्या फ्रीझच्या ट्यूबमुळे मिळालं असेल असं समजू नका. ब्रॉक यांचं शिकवणं त्यांच्या वर्गाबाहेर पोचलं ते पुस्तकांतून. १९६१ मध्ये त्यांनी 'माइलस्टोन्स इन मायक्रोबायोलॉजी' काढलं. पाश्चर, कॉख वगैरेंचे मूळ निबंध त्यात इंग्रजीत आणले, जर्मन-फ्रेंचमधले अनेक स्वतः भाषांतर करून, आणि प्रत्येकाला टिपण जोडलं. कॉखची गृहीतकं चार ओळींत पाठ करणारा विद्यार्थी आणि कॉखने ती कुठल्या अडचणीतून मांडली हे त्याच्याच निबंधात वाचणारा विद्यार्थी, या दोघांत फरक पडतोच. संशोधनाला येणाऱ्यांनी निदान एक जुना मूळ निबंध सबंध वाचावा असं मला कळकळीने वाटतं. सारांश नको, मूळ. सुरुवात १९६९ च्या याच निबंधापासून करा. तो छोटा आहे, आणि त्यातली एकही पद्धत तुम्हाला परकी नाही.

१९७० मध्ये 'बायॉलॉजी ऑफ मायक्रोऑर्गॅनिझम्स' हे त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. पहिली आवृत्ती एकट्याने लिहिलेली. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे रोग आणि त्यांचे जंतू, अशी मांडणी त्यात नव्हती. जिवाणू माती, तळी आणि झऱ्यांत काय करतात याला त्यात मानाची जागा होती. पुढच्या वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. तिथे मायकेल मॅडिगन यांनी त्यांच्याकडे पीएचडी केली, आणि पुढे पाठ्यपुस्तकाचे सहलेखकही झाले. मॅडिगन यांनी सदर्न इलिनॉय विद्यापीठात शिकवलं, आणि २००३ मध्ये कार्स्की पारितोषिक त्यांनाही मिळालं. म्हणजे गुरूला मिळालेलं पारितोषिक शिष्यालाही मिळालं, आणि दोघांच्या मध्ये एकच पुस्तक आवृत्त्यांमागून आवृत्त्या वाढत राहिलं.

मी एमएस्सीला असताना आमच्या ग्रंथालयात त्याची एक जुनी प्रत होती, पाठकण्याला चिकटपट्टी लावलेली. ती घरी न्यायला परवानगी नव्हती, म्हणून आम्ही तिघी मिळून वाचनकक्षात बसून टिपणं काढायचो. तेव्हा लेखकाबद्दल काही ठाऊक नव्हतं. 'ब्रॉकमध्ये बघ' एवढंच म्हणायचो, जसं 'पेल्झारमध्ये बघ' म्हणायचो.

फ्रीझ पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात राहिला नाही. त्याने पीएचडी केली आणि पेशींतल्या शर्करासाखळ्यांकडे वळला. या साखळ्या प्रथिनांना जोडताना जन्मजात दोष असेल तर लहान मुलांना गंभीर आजार होतात. त्या आजारांवर काम करणारे डॉ. फ्रीझ म्हणून ते सॅन डिएगो भागातल्या संशोधन संस्थेत नावाजले. गरम झऱ्यांशी याचा काही संबंध नाही. मला हेही बरं वाटतं. शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या विषयात बांधून ठेवलं नाही, किंवा तो बांधला गेला नाही.

२०१३ मध्ये ब्रॉक आणि फ्रीझ यांना मिळून गोल्डन गूस पारितोषिक मिळालं. सरकारी पैशावर झालेलं, वरवर बघता बिनकामाचं वाटणारं संशोधन पुढे समाजाच्या उपयोगी पडलं, तर हे पारितोषिक देतात. म्हणजे ते शिकवण्यासाठी नव्हतं. पण नावं परत दोन होती, १९६९ च्या निबंधावर होती तीच. ब्रॉक तेव्हा ८७ व्या वर्षात होते. २०२१ मध्ये ते गेले.

अलीकडच्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर लेखकांच्या यादीत ब्रॉक नाहीत. पुस्तकाचंच नाव आता 'ब्रॉक बायॉलॉजी ऑफ मायक्रोऑर्गॅनिझम्स' आहे.